मेनफ्रेमला वाट दाखवणाऱ्या ओळी: स्टॅटिक रूट म्हणजे काय?

"आज लिंक नाही" हे वाक्य बँकेच्या खिडकीवर ऐकलं नाही असा माणूस सोलापुरात सापडणं कठीण. पेन्शनच्या तारखेला रांग दाराबाहेर आलेली असते. आत दिवे, पंखे, कॉम्प्युटर सगळं सुरू असतं, कर्मचारीही जागेवर असतात. नसते ती फक्त लिंक. ही लिंक जाण्याची कारणं अनेक असतात. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, वीज जाते, यंत्र बिघडतं. ही कारणं लोकांना पटकन समजतात. एक कारण मात्र समजायला अवघड जातं. केबल शाबूत असते, दोन्ही टोकांची यंत्रं ठणठणीत असतात आणि तरीही निरोप पोचत नाही, कारण कुठल्यातरी यंत्रात पुढची वाट चुकीची लिहिलेली असते, किंवा लिहायचीच राहून गेलेली असते.

ही वाट लिहिण्याच्या कामाबद्दल हा लेख आहे, आणि उदाहरण घेतलंय मेनफ्रेमचं, म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांचा कारभार सांभाळणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरचं. आपल्याकडची इंजिनिअरिंग झालेली कितीतरी मुलंमुली पुण्याला जाऊन परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर काम करतात. सुट्टीत घरी आल्यावर आई-वडील विचारतात, "नेमकं काय करतोस रे?" आणि उत्तर दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. शिवाय मेनफ्रेमवर वाट बहुतेक वेळा माणूस स्वतः लिहितो आणि यंत्र ती जशीच्या तशी पाळतं. त्यामुळे कोणाची जबाबदारी काय, हे तिथे स्वच्छ दिसतं.

मेनफ्रेम अजून आहेत?

आहेत, आणि नवे बनतही आहेत. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० नावाचं घराणं जाहीर केलं. आजची झेड मालिका त्याच वंशातली आहे. तिच्यातलं झेड१६ हे यंत्र २०२२ मध्ये आलं आणि झेड१७ २०२५ मध्ये. जगातल्या मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांची आरक्षणं यांच्या पोटात ही यंत्रं असतात. एकाच यंत्राचे अनेक भाग पाडता येतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र कॉम्प्युटरसारखा चालतो. अशा भागाला एलपार म्हणतात. त्यावर बहुधा झेड/ओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम असते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. भारतातल्या बऱ्याच बँकांचा रोजचा व्यवहार युनिक्स किंवा लिनक्स जातीच्या सर्व्हरवर चालतो. त्यामुळे तुमच्या शाखेतली लिंक गेली म्हणजे मेनफ्रेम बिघडला असा अर्थ काढू नका. पण वाट लिहिण्याचं तत्त्व सगळीकडे एकच आहे, अगदी घरच्या वायफायच्या डब्यातसुद्धा.

चौकातला फलक

काही शब्द आधी सांगून ठेवतो. नेटवर्कवरून जाणारी माहिती लहान तुकड्यांत जाते, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर तो कुठून निघाला आणि कुठे जायचाय हे आकड्यांत लिहिलेलं असतं, तो आयपी पत्ता. पॅकेट एका नेटवर्कमधून दुसऱ्यात सोडणारं यंत्र म्हणजे राउटर. आणि "अमुक पत्त्यासाठी तमुक दिशेला जा" अशी एक ओळ म्हणजे रूट. अशा ओळींची यादी म्हणजे रूटिंग टेबल.

आता शहरातल्या चौकातला दिशाफलक आठवा. हैदराबादकडे बाण दाखवणारा फलक तुम्हाला हैदराबादपर्यंतची सगळी वळणं सांगत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की या चौकातून या रस्त्याला लागा. पुढे नळदुर्गला दुसरा फलक असतो, उमरग्याला तिसरा. प्रत्येक फलकाला फक्त आपल्यापुरतं ठाऊक असतं, आणि प्रवासी अशा फलकांच्या भरवशावर हैदराबादला पोचतो. पॅकेटचंही असंच होतं. सोलापूरच्या शाखेतून निघालेल्या पॅकेटला संपूर्ण वाट कोणीच सांगत नाही. वाटेतलं प्रत्येक यंत्र आपल्या यादीत बघतं आणि फक्त पुढचा टप्पा ठरवतं. या पुढच्या टप्प्याला इंग्रजीत नेक्स्ट हॉप म्हणतात, आपण पुढचा टप्पाच म्हणू.

स्टॅटिक रूट म्हणजे रंगवून ठोकलेला फलक. माणसाने लिहिला, माणसाने लावला आणि माणसाने बदलेपर्यंत तसाच राहणार. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि शहरातली वाहतूक वळवली जाते. तेव्हाही रंगवलेला फलक नेहमीच्याच रस्त्याकडे बोट दाखवत उभा असतो. चौकातला पोलीस मात्र वायरलेसवर ऐकून गाड्या दुसरीकडे वळवतो. यंत्रांनी आपसांत बोलून वाट ठरवण्याची जी पद्धत आहे, तिला डायनॅमिक रूटिंग म्हणतात. तिच्याकडे नंतर येऊ.

फाईलमध्ये काय लिहितात?

झेड/ओएसमध्ये नेटवर्कचा सगळा कारभार टीसीपीआयपी नावाचा एक प्रोग्रॅम बघतो. तो सुरू होताना एक फाईल वाचतो, तिला प्रोफाईल म्हणतात. मेनफ्रेमचं नेटवर्क कार्ड कोणतं, त्याचा पत्ता काय, हे त्यात असतं. त्याच फाईलमध्ये वाटांचा एक कप्पा असतो. खऱ्या फाईलमध्ये शब्द रोमन लिपीत असतात. इथे ते देवनागरीत लिहितो, पत्ते काल्पनिक आहेत:

बिगिनरूट्स
रूट १०.२०.३०.०/२४ = ओएसए१ एमटीयू १४९२
रूट १०.५०.०.०/१६ १०.२०.३०.२ ओएसए१ एमटीयू १४९२
रूट डीफॉल्ट १०.२०.३०.१ ओएसए१ एमटीयू १४९२
एंडरूट्स

पहिली आणि शेवटची ओळ म्हणजे कप्पा उघडणं आणि बंद करणं. खरा मजकूर मधल्या तीन ओळींत आहे. ओएसए हे मेनफ्रेमच्या नेटवर्क कार्डाचं नाव. ओएसए१ हे आपण त्यातल्या एकाला दिलेलं नाव.

तिरप्या रेघेनंतरचा आकडा सांगतो की पत्त्याचा किती भाग जुळायला हवा. आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ८-८ बिटांचे चार आकडे. /२४ असेल तर पहिले तीन आकडे जुळले पाहिजेत, चौथा काहीही चालेल. /१६ असेल तर पहिले दोनच जुळले तरी पुरे.

आता पहिली ओळ वाचा. ज्यांचा पत्ता १०.२०.३० ने सुरू होतो ते सगळे शेजारीच आहेत, मध्ये कोणी राउटर नको, थेट कार्डातून द्या. बरोबरच्या चिन्हाचा अर्थ तोच. दुसरी ओळ म्हणते, १०.५० ने सुरू होणारा कोणताही पत्ता दिसला तर पॅकेट १०.२०.३०.२ या राउटरकडे सोपवा. समजा या सगळ्या शाखा आहेत. तिसरी ओळ उरलेल्या साऱ्या जगासाठी: वरच्या दोन्हींत न बसणारं जे काही असेल ते १०.२०.३०.१ कडे द्या.

डीफॉल्टची ही ओळ सगळ्यात साधी दिसते आणि सगळ्यात जास्त भार तीच वाहते. ती नसेल तर यादीत नाव नसलेल्या प्रत्येक पत्त्यासाठी यंत्राचं उत्तर एकच असतं: वाट नाही. आणि ती असते तेव्हा चुकाही तिच्याआड लपतात. एखाद्या शाखेची ओळ लिहायची राहिली तरी पॅकेट अडत नाही. ते निमूटपणे डीफॉल्टच्या वाटेने भलत्याच राउटरकडे जातं आणि तिथे हरवतं. मेनफ्रेमच्या पडद्यावर चूक झाल्याचा एकही संदेश येत नाही, कारण मेनफ्रेमच्या हिशेबाने त्याने आपलं काम केलेलं असतं.

दोन ओळी जुळल्या तर कोणती खरी?

१०.५०.७.२५ हा पत्ता घ्या. तो दुसऱ्या ओळीत बसतो, आणि डीफॉल्टमध्ये तर सगळेच बसतात. नियम असा की ज्या ओळीचा अधिक भाग जुळतो ती ओळ धरायची. फलकाच्या भाषेत सांगायचं तर "कर्नाटक" असं लिहून बाण विजयपूर रोडकडे असेल आणि शेजारी "कलबुर्गी" लिहून बाण अक्कलकोट रोडकडे असेल, तर कलबुर्गीला निघालेल्या माणसाने दुसरा फलक धरायचा. कलबुर्गी कर्नाटकात आहे हे खरंच, पण त्याच्यासाठी अधिक नेमकी सूचना लावलेली आहे. ओळी फाईलमध्ये वर लिहिल्या की खाली, याने इथे फरक पडत नाही. नेमकेपणाने पडतो.

"गेलं, पण आलं नाही"

नेटवर्कच्या कामातला सगळ्यात मोठा घोळ इथे आहे, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

शाखेतून मेनफ्रेमकडे विचारणा गेली. ती पोचली. मेनफ्रेमने उत्तर तयार केलं आणि शाखेच्या पत्त्यावर धाडलं. उत्तराचं पॅकेट हे स्वतंत्र पॅकेट असतं. आलेलं पॅकेट कुठल्या वाटेने आलं होतं हे त्याला माहीत नसतं. ते पुन्हा पहिल्यापासून प्रत्येक यंत्राच्या यादीत बघत बघत परत जातं. म्हणजे सोलापूरहून हैदराबादचे सगळे फलक नीट असून भागत नाही, हैदराबादहून सोलापूरचेही नीट लागतात. परतीच्या वाटेवरच्या एका राउटरला शाखेचा पत्ता ठाऊक नसला की उत्तर तिथेच पडतं. शाखेतल्या माणसाला दिसतं ते एवढंच: मेनफ्रेम उत्तर देत नाही. मेनफ्रेमवाला म्हणतो, माझ्याकडे सगळं सुरू आहे. नेटवर्कवाला म्हणतो, तुमच्यापर्यंत पॅकेट पोचतंय. तिघेही खरं बोलत असतात, आणि रांगेतला माणूस उभाच असतो.

मध्ये फायरवॉल, म्हणजे कोणतं पॅकेट सोडायचं आणि कोणतं अडवायचं हे ठरवणारा पहारेकरी, असेल तर गुंता वाढतो. बहुतेक फायरवॉल बोलण्याची सुरुवात पाहून ठेवतात आणि तिच्याशी जुळणारं उत्तरच आत सोडतात. विचारणा एका फायरवॉलमधून गेली आणि उत्तर दुसऱ्यातून परत आलं, तर दुसरी त्याला ओळखत नाही आणि अडवते. दोन्ही बाजूंची वाट लिहिलेली असते, पण जाण्याची एक आणि येण्याची दुसरी. अशा वेळी फक्त आपली फाईल बघून काही सापडणार नाही.

मेनफ्रेमवर याला आणखी एक पदर आहे. एका एलपारला अनेक पत्ते असू शकतात. कार्डाचा पत्ता वेगळा, आणि कुठल्याच कार्डाशी न बांधलेला एक पत्ता वेगळा. या दुसऱ्याला विपा म्हणतात. एक कार्ड गेलं तरी दुसऱ्या कार्डाने तो पत्ता जिवंत राहावा, ही त्यामागची सोय. लोक वाट तपासायला पिंग करतात, म्हणजे समोरच्याला एक छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघतात. ते पिंग कार्डाच्या पत्त्यावरून निघालं आणि परत आलं, सगळे खूश. पण खरा प्रोग्रॅम विपाच्या पत्त्यावरून बोलतोय, आणि त्या पत्त्याची परतीची वाट पलीकडच्या राउटरवर लिहिलेलीच नाही. पिंग चालतं, काम चालत नाही. म्हणून तपासताना पिंगला सांगावं लागतं की अमुक पत्त्यावरून निघ. झेड/ओएसच्या पिंगमध्ये त्यासाठी एसआरसीआयपी नावाचा पर्याय आहे. नव्या मुलांना ही एक गोष्ट कोणी वेळेवर सांगितली तर त्यांच्या कितीतरी रात्री वाचतील.

लॉगिन होतं, रिपोर्ट येत नाही

वरच्या ओळींत एमटीयू हा शब्द आला होता. एका वेळी जास्तीत जास्त केवढं पॅकेट पाठवायचं, त्याची ती मर्यादा. इथरनेटवर, म्हणजे ऑफिसातल्या नेहमीच्या केबलच्या नेटवर्कवर, ती सहसा १५०० बाइट असते. मेनफ्रेमच्या फायलींत १४९२ पुष्कळदा दिसतं, कारण इथरनेटच्या ८०२.३ या जुन्या चौकटीत ८ बाइट जादा शीर्षकाला लागत. मेनफ्रेमचं कार्ड मोठी पॅकेटंही पाठवू शकतं, तेव्हा ८९९२ लिहितात.

वाटेत एखादा टप्पा यापेक्षा अरुंद असेल तर मोठं पॅकेट तिथे बसत नाही. "याचे तुकडे करू नका" अशी खूण पॅकेटवर असेल तर तिथला राउटर ते टाकून देतो आणि "लहान पाठवा" असा निरोप मागे धाडतो. सुरक्षेच्या नावाखाली कोणीतरी फायरवॉलवर असे निरोपच बंद केलेले असतात. मग पाठवणाऱ्याला काही कळत नाही आणि तो तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. वापरणाऱ्याला दिसतं ते फार विचित्र असतं: लॉगिनचा पडदा येतो, खाते क्रमांक टाकता येतो, पिंगही होतं, पण मोठा रिपोर्ट मागितला की पडदा गोठतो. लहान पॅकेटं जातात, मोठी अडकतात. असं लक्षण दिसलं तर प्रोग्रॅम तपासण्याआधी एमटीयूचा आकडा तपासावा.

यंत्रांना स्वतःच का शिकू देत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे. ओएसपीएफ नावाच्या पद्धतीत राउटर एकमेकांना सतत सांगत असतात की आपली कोणती जोडणी चालू आणि कोणती बंद. त्यावरून प्रत्येक जण आपली यादी स्वतः बनवतो. मेनफ्रेमलाही हे येतं. झेड/ओएसमध्ये ओएमपीरूट नावाचा प्रोग्रॅम ते काम करतो. तरीही अनेक ठिकाणी हाताने लिहिलेल्या ओळीच ठेवतात.

मुख्य कारण मेनफ्रेमच्या जागेत आहे. तो रस्त्याच्या शेवटी उभा असतो. त्याच्यातून पुढे दुसरीकडे कोणी जात नाही, जे येतात ते त्याच्याकडेच येतात. बाहेर पडायला एक किंवा दोन दारं. दारच एक असेल तर कोणतं निवडायचं हे शिकण्यासारखं फार उरत नाही. दुसरं कारण सुरक्षेचं. यादी बाहेरच्यांचं ऐकून बनत असेल तर खोटं सांगणाराही कोणी निघू शकतो. हाताने लिहिलेल्या ओळीला कोणी फूस लावू शकत नाही. तिसरं कारण सवयीचं आहे, आणि ते कमी लेखू नये. आयबीएमने १९७४ मध्ये एसएनए नावाची स्वतःची नेटवर्क पद्धत आणली. तिच्या सुरुवातीच्या रूपात वाटा माणसांनीच आखून लिहायच्या असत. मेनफ्रेम सांभाळणाऱ्यांच्या अनेक पिढ्या "काय कुठून जातं हे मला कागदावर दिसलं पाहिजे" या शिस्तीत वाढल्या. ती शिस्त मला मोलाची वाटते.

आणि शिकणारी यंत्रं चुकत नाहीत असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे नऊनंतर व्हॉट्सअॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आदेशाने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं. ते पाहून तिथल्या यंत्रांनी ठरलेल्या नियमाप्रमाणे आपल्या वाटांची जाहिरात बाहेरच्या इंटरनेटवरून मागे घेतली. जगाच्या दृष्टीने फेसबुककडे जाणारा रस्ताच नाहीसा झाला. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या कंपनीचं नेटवर्क कोसळलं. वाटांची गाळणी करणारी सूचना बदलामध्ये काढली गेली, मुख्य राउटरांवर वाटांचा लोंढा आला, आणि देशभरातले डेबिट कार्डाचे व्यवहारही अडले. दोन्हीकडे माणसाचा एक बदल होता आणि तो पसरवायला यंत्रं होती. स्टॅटिक ओळ चुकली तर ती जिथे लिहिली तिथेच चुकते.

मग पुढचा राउटर बंद पडला तर?

स्टॅटिक रूटवरचा हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, आणि तो अर्धा खरा आहे.

मेनफ्रेमला स्वतःचं कार्ड बंद पडल्याचं कळतं. त्या कार्डावरच्या वाटा तो वापरणं थांबवतो. दोन कार्डांवरून दोन डीफॉल्ट लिहिलेले असतील तर दुसरा कामाला लागतो. वेगळं काही सांगितलं नसेल तर तो नेहमी पहिला चालू डीफॉल्टच धरतो. दोन्हींवर भार वाटायचा असेल तर मल्टिपाथ हा पर्याय चालू करावा लागतो. एकाच लॅनवर, म्हणजे एकाच स्थानिक नेटवर्कवर, दोन कार्डं असतील तर एक गेल्यावर दुसरं त्याचा पत्ता आपल्या अंगावर घेतं आणि शेजाऱ्यांना तसं कळवतं. इथपर्यंत स्टॅटिक रूट चांगला तग धरतो.

पण कार्ड चालू आहे, मधला स्विच (लॅनमधली यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा) चालू आहे आणि पलीकडचा राउटर तेवढा मेला आहे, असं झालं तर स्टॅटिक ओळीला ते कळत नाही. पॅकेटं त्याच्याच दिशेने जात राहतात. यावरचा रुळलेला उपाय राउटरांच्या बाजूने आहे. दोन राउटर मिळून एकच पत्ता वापरतात, एक जण तो चालवतो, तो मेला की दुसरा तोच पत्ता उचलतो. व्हीआरआरपी या नावाने ही पद्धत १९९८ मध्ये प्रमाण झाली. मेनफ्रेमच्या फाईलमध्ये डीफॉल्ट म्हणून हा सामायिक पत्ता लिहायचा. मग कोणता राउटर जिवंत आहे याच्याशी मेनफ्रेमला देणंघेणं राहत नाही.

उरते ती एक परिस्थिती. दोन वेगळ्या गावांत मेनफ्रेम आहेत, आणि एका गावातलं काम दुसऱ्या गावात त्याच पत्त्यासह हलवायचं आहे. तेव्हा "हा पत्ता आता इकडे आहे" हे कोणीतरी सगळ्या राउटरांना सांगायला हवं. इथे स्टॅटिकचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मध्यममार्गही आहे: ओळीच्या शेवटी रिप्लेसेबल लिहिलं तर ओएमपीरूटला त्याच ठिकाणाची वाट कळल्यावर ती वापरली जाते, आणि तोवर हाताने लिहिलेली ओळ चालते.

चालू यंत्रावर बदल

मेनफ्रेम बंद करून बदल करणं सहसा परवडत नाही. म्हणून चालू असतानाच नवी फाईल वाचायला लावणारा एक आदेश आहे, ओबेफाईल. सोय उत्तम आहे. तिच्यात दोन खड्डे आहेत.

पहिला असा. समजा एका नव्या शाखेची ओळ घालायची आहे. नवखा माणूस स्वाभाविकपणे नवी फाईल करतो, त्यात बिगिनरूट्स, ती एक ओळ आणि एंडरूट्स लिहितो आणि आदेश देतो. त्याला वाटतं जुन्या यादीत एक ओळ वाढेल. पण अशा फाईलमधला पहिला बिगिनरूट्सचा कप्पा आधीच्या सगळ्या स्टॅटिक वाटा पुसून टाकतो आणि स्वतःमध्ये जे आहे तेवढंच ठेवतो. डीफॉल्टसुद्धा जातो. ज्या वाटेने तो माणूस पुण्यातून त्या यंत्रावर बोलत होता तीही जाऊ शकते. म्हणून नियम असा: एक ओळ बदलायची असली तरी कप्पा पूर्ण लिहायचा. आदेश देण्याआधी फाईल तपासून देणारा सिंटॅक्सचेक नावाचा आदेश आहे, तो जरूर वापरावा. मात्र ओळी नीट लिहिल्यात का एवढंच तो सांगतो. कोणती ओळ राहिली हे सांगणं त्याचं काम नाही. नेटवर्कची वाट गेलीच तर मेनफ्रेमकडे यंत्राच्या व्यवस्थापनाचा वेगळा कन्सोल असतो, तिथून दुरुस्ती करता येते. तो कन्सोल कोणाच्या हाताशी आहे, हे बदलाच्या आधी माहीत असावं. फेसबुकच्या त्या रात्री दूरून आत शिरायची नेहमीची सगळी दारं बंद झाली होती आणि इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं होतं.

दुसरा खड्डा उशिरा दिसतो, म्हणून जास्त वाईट. ओबेफाईलने केलेला बदल चालू यंत्राच्या स्मरणात असतो. टीसीपीआयपी पुन्हा सुरू झाला की तो मूळ प्रोफाईलच वाचतो. बदल मूळ फाईलमध्ये लिहायचा राहिला असेल तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. शाखा जोडली जाते, तिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, बंद होतं, सगळे घरी जातात. मेनफ्रेम महिनोन्महिने बंद न होता चालतो. मग एका रविवारी आयपीएल होतं, म्हणजे यंत्र नव्याने सुरू केलं जातं, आणि सोमवारी सकाळी ती शाखा गायब. तोवर बदल करणारा दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो. त्या रविवारी वेगळ्याच कारणाने केलेल्या कामावर संशय घेतला जातो आणि तासचे तास चुकीच्या जागी शोध चालतो.

बदल झाल्यावर नेटस्टॅट रूट हा आदेश देऊन यंत्राची सध्याची यादी बघता येते. प्रत्येक वाटेपुढे अक्षरं असतात: यू म्हणजे वाट चालू, जी म्हणजे मध्ये राउटर, एस म्हणजे हाताने लिहिलेली. ही यादी आणि मूळ फाईल शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून बघणं हे कंटाळवाणं काम आहे. पण दुसरा खड्डा त्यानेच बुजतो, आणि तिकीट बंद करण्याआधी ते व्हायला हवं.

आता हे काम एआय करेल ना?

ओळी लिहून देईल, त्या तपासेलही. पण १०.५०.७ ने सुरू होणाऱ्या शाखा कोणत्या गावात आहेत, त्यांच्यापुढे कोणती फायरवॉल आहे, ती ओळ कोणत्या ग्राहकासाठी तात्पुरती घातली होती, ही माहिती फाईलमध्ये नसेल तर कोणालाच कळणार नाही, ना माणसाला ना यंत्राला. आणि ती लिहायला जागा असते. प्रोफाईलमध्ये अर्धविराम टाकला की त्यापुढचा मजकूर यंत्र वाचत नाही. तो माणसांसाठी असतो. अनेक ठिकाणी वर्षानुवर्षांच्या ओळी अशा असतात की त्या काढायला कोणी धजावत नाही, कारण त्या कशासाठी आहेत हेच कोणाला ठाऊक नसतं. पुण्यात या कामावर बसलेल्या आपल्या मुलांनी प्रत्येक स्टॅटिक रूटच्या वर अर्धविराम टाकून चार गोष्टी लिहाव्यात: ही वाट कोणी मागितली, कशासाठी, कोणत्या तारखेला घातली, आणि तात्पुरती असेल तर कधी काढायची.